खरकट्याच्या बादलीपासून सुरुवात करा: छोटी खाणावळ निगुतीनं चालवताना

गेली अकरा वर्षं मी पुण्यात पेठेत खाणावळ चालवते. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला आलेली मुलंमुली, एकटे राहणारे काही नोकरदार आणि थोडे डबे, अशी दोन्ही वेळची मिळून दीडशे-एकशे साठ ताटं होतात. नव्यानं मेस, पोळी-भाजी केंद्र किंवा नाश्त्याचं दुकान टाकणारे बरेच जण हल्ली विचारायला येतात: पर्यावरणाला धरून धंदा करायचा म्हणजे नेमकं काय करायचं? त्यांच्या डोक्यात बांबूचे चमचे, कागदी स्ट्रॉ आणि छतावरचं सोलर असतं. सोलर चांगलंच आहे, पण भाड्याच्या गाळ्यात पहिल्याच वर्षी ते जमणं कठीण. मी त्यांना मागच्या मोरीत नेते आणि खरकट्याची बादली दाखवते.

आपल्या आजीच्या तोंडी ‘निगुती’ हा शब्द असायचा. निगुतीनं करणं म्हणजे काटकसर आणि काळजी एकाच हातानं करणं. खाली लिहिलेलं सगळं त्या एका शब्दात येतं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं साधारण २८ टक्के आपल्यासारख्या खाऊ घालणाऱ्यांकडे गेलं. घरांचा वाटा याहून मोठा आहे, हे खरं. पण घरात कुणी वजन करत नाही, आपण करू शकतो.

पहिली पायरी: आठवडाभर काहीही बदलू नका, फक्त वजन करा

भंगारवाल्याकडे असतो तसला लटकवायचा काटा आणा. तीन बादल्या ठेवा. पहिलीत भाजी निवडताना निघालेली देठं-सालं. दुसरीत शिजवलेलं पण वाढलंच न गेलेलं. तिसरीत ताटातून परत आलेलं. रात्री आवरायच्या आधी तिन्ही बादल्या काट्याला लावा, आकडे वहीत लिहा, शेजारी त्या दिवशीची ताटं आणि भाजी कोणती होती ते लिहा. बादली रिकामी असताना तिचं वजन आधीच घेऊन ठेवा, म्हणजे रोज वजाबाकीत गोंधळ होत नाही.

तीन बादल्यांचा हट्ट एवढ्यासाठी, की तिघींचं दुखणं वेगळं असतं. पहिली भरली तर खरेदी किंवा निवडणं चुकतंय. दुसरी भरली तर अंदाज चुकतोय. तिसरी भरली तर चव किंवा वाढणं चुकतंय. एकाच बादलीत सगळं ओतलं की कुणाचं काय चुकतंय ते कळतच नाही, आणि मग सगळ्यांना सरसकट ‘वाया घालवू नका’ म्हणून ओरडण्यापलीकडे हातात काही राहत नाही.

आम्ही पहिल्यांदा मोजलं तेव्हा एकट्या तिसऱ्या बादलीत दिवसाला अकरा किलोच्या आसपास अन्न येत होतं. निम्म्याहून जास्त भात. मला वाटत होतं दोन-तीन किलो असेल. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

आणि एक. त्या आठवड्यात भांडी घासणाऱ्या मावशी मला म्हणाल्या, “ताई, पोळी कुणी टाकत नाही, पोळीचे काठ टाकतायत. बघा ना, काठ जाड राहतोय.” मी बादलीतला एक तुकडा हातात घेऊन पाहिला. कडेला बोटाच्या पेराएवढी पांढरट, कच्ची पट्टी, मधे पोळी छान पातळ. पोळ्या लाटायला नवीन मुलगी आली होती, ती मधे जोर देत होती. दोन दिवस तिच्याशेजारी बसून लाटणं कडेला कसं फिरवायचं ते दाखवलं आणि पोळीचे काठ यायचे थांबले. खर्च शून्य. ही गोष्ट मला कुठल्याही सल्लागारानं सांगितली नसती. ताटं कोण पुसतं, त्या माणसाला विचारा.

दुसरी पायरी: कॅलेंडर बघून पातेलं चढवा

दुसऱ्या बादलीचं औषध भिंतीवर टांगलेलं असतं. गुरुवार, संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र या दिवशी ताटं कमी होतात, तरी आचारी सवयीनं तेवढाच भात लावतो. शनिवारी दुपारनंतर जवळच्या गावची मुलं घरी जातात. एमपीएससीची पूर्वपरीक्षा झाली की पुढचे आठ-दहा दिवस मेस अर्धी होते. सुरुवातीला हे माझ्या लक्षातच येत नव्हतं. आता महिन्याच्या सुरुवातीला कॅलेंडरवर लाल पेनानं खुणा करते आणि त्या दिवसाचा तांदूळ आदल्या रात्रीच मापून वेगळा ठेवते.

त्याच्या जोडीला व्हॉट्सअ‍ॅपचा गट ठेवा. जेवायला येणार नसाल तर सकाळी नऊपर्यंत कळवा आणि त्या वेळचे पैसे पुढच्या महिन्यात वळते होतील, एवढा एकच नियम. पैसे वळते केले नाहीत तर कुणीही कळवत नाही, हे मी सहा महिने फुकट घालवून शिकले.

भात एकदम लावू नका. सत्तर टक्के आधी, उरलेला ताटांची गर्दी बघून दुसऱ्या घाण्यात. पोळ्यांचं तेच, कणीक मळून ठेवा, पण पोळ्या रांग बघून लाटा.

उरलेलं अन्न मात्र जपून हाताळा. वाया जाऊ नये म्हणून दुपारची आमटी रात्री कोमट करून वाढणं ही निगुती नव्हे, तो धोका आहे. गरम अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर आणि थंड ५ अंशांच्या खाली राहिलं पाहिजे, मधल्या तापमानात जंतू वाढतात. साधा तापमापक घ्या. न वाढलेलं, झाकलेलं अन्न द्यायचंच असेल तर जेवणं संपल्यावर लगेच द्या. कामाच्या माणसांचं जेवण मात्र आधी बाजूला काढा. उरलंसुरलं त्यांच्या वाट्याला, ही पद्धत आपल्या खाणावळीत पहिल्या दिवसापासून नको.

तिसरी पायरी: वाढायची पळी बदला

तिसऱ्या बादलीतला भात आमच्याकडे पळीमुळे येत होता. मोठी सपाट डावली होती, एक वाढ म्हणजे दोन मुदी. तिच्या जागी वाटी आणली. पहिल्या वाढीला एक वाटी, मग हवा तितका. ‘पोटभर’ हा शब्द पाटीवर तसाच राहिला, मुलांच्या ताटातलं काहीही कमी झालं नाही. वाढप्याला मात्र एक वाक्य शिकवावं लागलं: “भात आता वाढू की पोळी झाल्यावर?” आधी वाढलेला भात गार होतो आणि गार भात टाकला जातो.

कुणाला टाकल्याबद्दल दंड लावू नका. काही ठिकाणी तशा पाट्या असतात, पण घर सोडून आलेल्या पोराला ताटावर बसून दंड सांगणं मला पटत नाही. त्यापेक्षा पाण्याच्या टाकीशेजारी फळ्यावर कालचं वजन लिहा. आमची मुलं आता तो आकडा बघून बोलतात, “काकू, काल वांग्याला काय झालं होतं?”

चौथी पायरी: सिलिंडरमागे किती ताटं?

नवीन माणसाचा सगळ्यात मोठा खर्च इथे जळतो, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. पहिली गोष्ट, धंद्याला १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडरच वापरायचा. घरगुती १४.२ किलोचा लाल सिलिंडर खाणावळीत वापरणं बेकायदा आहे, आणि अपघात झाला तर विम्याचे पैसेही अडकतात.

सिलिंडर लावला की तारीख लिहा. संपला की तोवर किती ताटं गेली ते बेरजेनं काढा. हा एकच आकडा तुम्हाला सगळं सांगेल. आमच्याकडे सुरुवातीला एका सिलिंडरमागे साडेसहाशेच्या आसपास ताटं होत, आता आठशेच्या घरात जातात. नवीन शेगडी घेतली नाही. एवढंच केलं:

ज्योत निळी पाहिजे. पिवळी दिसली, पातेल्याच्या बुडाला काजळी धरली, की बर्नरची भोकं बुजलेली आहेत किंवा हवा नीट मिळत नाही. आठवड्यातून एकदा बर्नर काढून तारेच्या ब्रशनं साफ करायचा. ज्योत पातेल्याच्या बुडाबाहेर जायला नको. बाहेर गेलेली ज्योत भांडं तापवत नाही, आचाऱ्याला तापवते.

डाळ-कडधान्य भिजवल्याशिवाय शेगडीवर जायचं नाही. तूरडाळ अर्धा-पाऊण तास, छोले-राजमा रात्रभर. मटकी, मूग मोड आणून घ्या, लवकर शिजतात आणि फुगतातही. कुकरला वाफ धरली, पहिली शिट्टी झाली, की गॅस बारीक. शिट्ट्यांवर शिट्ट्या म्हणजे पैसे देऊन घेतलेली वाफ खिडकीबाहेर सोडणं. पातेल्यावर झाकण. भात नव्वद टक्के झाला की खाली उतरवून घट्ट झाकायचा, उरलेला वाफेवर होतो.

सगळ्यात मोठा फरक कामाची ओळ लावल्यानं पडला. आधी तवा तापवून ठेवायचे आणि मग कणीक मळायला घ्यायचे. रश्श्याचं पातेलं चढवून मग खोबरं भाजायला घ्यायचे, तोवर खाली ज्योत चालूच. आता सगळं चिरून, वाटून, मळून तयार झाल्याशिवाय लायटर हातात घ्यायचा नाही. आचारी दादांना हे पटायला महिना लागला, कारण त्यांना वाटायचं शेगडी पेटली की काम सुरू झालं.

रबरी नळीची तारीख बघा आणि जोडाला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहा. गळती म्हणजे नासाडी आणि जिवावरचा प्रसंगही.

पाचवी पायरी: तळणाचं तेल

नाश्त्याचं दुकान असेल तर ही पायरी आधी वाचा. वडे, भजी, समोसे तळून तेच तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात घातक घटक साठत जातात. त्याचं माप म्हणजे टोटल पोलर कंपाउंड्स. देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं १ जुलै २०१८ पासून त्याची मर्यादा २५ टक्के ठेवली आहे, त्यापुढचं तेल खाण्यात वापरायचं नाही. मोजायला पट्ट्या आणि मीटर मिळतात. नसेल तर डोळे आणि नाक आहेच: तेल काळपट झालं, चिकट झालं, फेस बसेना, आधीपेक्षा लवकर धूर सुटू लागला, की ते संपलं.

तेल जास्त दिवस चांगलं राहावं असं वाटत असेल तर प्रत्येक घाण्यानंतर तळाचा चुरा झाऱ्यानं काढा, कारण तोच जळून तेल बिघडवतो. रात्री गाळून झाकून ठेवा. कढईवर मीठ भुरभुरू नका. रिकामी कढई मोठ्या आचेवर ठेवू नका. आणि कढई लहान घ्या! पाच किलो तेलाच्या कढईत दोन किलोचं तळण करणारे मी खूप पाहिलेत.

वापरलेलं तेल मोरीत ओतायचं नाही, आणि ओळख नसलेल्या माणसाला विकायचंही नाही. माझ्याकडे एक जण रोख पैसे घेऊन यायचा, पावती मागितली की हसायचा. ते तेल गाळून पुन्हा कुणाच्या कढईत जाणार असेल तर त्याचं पाप माझ्याही माथी. वापरलेल्या तेलापासून बायोडिझेल करण्यासाठी प्राधिकरणानं २०१८ मध्ये रुको नावाचा उपक्रम सुरू केला आहे, त्यातल्या अधिकृत संकलकालाच तेल द्या आणि पावती फाइलला लावा. दिवसाला ५० लिटरहून जास्त तेल वापरणाऱ्यांना तर त्याची नोंद ठेवणं बंधनकारक आहे. आपण त्यात बसत नसलो तरी नोंद ठेवायला दोन मिनिटं लागतात.

सहावी पायरी: पाणी आणि वीज

दहा लिटरची बादली नळाखाली ठेवून घड्याळ लावा. आमची पन्नास सेकंदांत भरली, म्हणजे मिनिटाला बारा लिटर. वाहत्या नळाखाली चाळीस मिनिटं भांडी घासली की ४८० लिटर गेले. आता तीन टब आहेत: आधी ताट कोरडंच खरवडायचं, मग साबणाचा टब, मग खळबळायचा, मग स्वच्छ पाण्याचा. स्वच्छ टबाचं पाणी पुढच्या खेपेला खळबळायला. नळाला जाळी बसवली ती शंभर-दीडशे रुपयांची. पाणी शुद्ध करायच्या यंत्रातून फेकलं जाणारं पाणी ड्रममध्ये जमतं आणि फरशी त्यावर निघते. मोरीच्या तोंडाशी ग्रीस ट्रॅप, म्हणजे सांडपाण्यातलं तेल-तूप अडवणारी पेटी, बसवा आणि दर आठवड्याला साफ करा, नाहीतर तेलकट थर ड्रेनेजमध्ये दगडासारखा बसतो आणि तुंबलेलं पाणी शेजाऱ्याच्या दारात जातं.

विजेचं थोडक्यात. साधा पंखा ७५ वॅटच्या आसपास घेतो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, पंखा ३० च्या. सहा पंखे रोज चौदा तास चालले तर दिवसाला ६.३ युनिटऐवजी २.५ युनिट लागतात, महिन्याला ११० हून जास्त युनिट वाचतात. तुमच्या बिलावरच्या दरानं गुणा आणि पंखे किती महिन्यांत फिटतील ते स्वतःच बघा. सगळे एकदम नकोत, जो बिघडेल तो बदला. फ्रिजच्या दारात वहीचा कागद धरून दार लावा, कागद सहज ओढला गेला तर रबर गेलंय, ते आजच बदला. गरम पातेलं फ्रिजमध्ये ढकलू नका, पसरट परातीत लवकर गार करून मग ठेवा.

सातवी पायरी: डबा, पिशवी, कागद

महाराष्ट्रात प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेनं बंदी आली. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या ताटल्या, कप, चमचे, स्ट्रॉ देशभर बंद झाले. राज्यात पहिल्या गुन्ह्याला दंड ५,००० रुपये आहे, नव्या धंद्याचा तो दोन-चार दिवसांचा नफा. वर्तमानपत्रात वडे-भजी बांधणंही नियमात बसत नाही, शाई अन्नात उतरते.

पण प्लास्टिकच्या जागी दुसरं काहीतरी फेकायचंच आणणं हा उपाय नव्हे. कागदी कपाच्या आतही बहुधा प्लास्टिकचा थर असतो. मला एका व्यापाऱ्यानं ‘मातीत विरघळणाऱ्या’ म्हणून पिशव्या विकल्या होत्या, कुंडीत पुरून ठेवल्या, वर्षानं उकरल्या तर जशाच्या तशा. तेव्हापासून पिशवीवर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक आणि आयएसओ १७०८८ हे कुजणाऱ्या प्लास्टिकचं मानक छापलंय का ते बघते. खरा उपाय स्टीलचा डबा. मुंबईचे डबेवाले शंभराहून जास्त वर्षं तोच डबा घरी परत पोचवतायत, आपल्याला गल्लीतल्या चाळीस घरांत जमेल. अनामत घ्या, डब्याच्या बुडाला रंगानं क्रमांक घाला, कालचा रिकामा मिळाल्यावर आजचा भरलेला द्या. स्वतःचा डबा घेऊन येणाऱ्याला पाच रुपये कमी लावा. पंगतीची ऑर्डर असेल तर केळीचं पान, पळसाची पत्रावळ किंवा कोकणातून येणारी पोफळीच्या विरीची ताटं.

आठवी पायरी: कचरा कुठे जातो ते जाऊन बघा

पुण्याचा कचरा कित्येक वर्षं उरुळी देवाची-फुरसुंगीच्या डेपोवर जात राहिला. तिथल्या लोकांनी वास, माशा आणि खराब झालेल्या विहिरींसाठी आंदोलनं केली. ओलं खरकटं ढिगात दाबलं गेलं की हवेविना कुजतं आणि मिथेन वायू तयार होतो. म्हणून ओला आणि सुका वेगळा, एवढं तरी आपल्या दारात झालंच पाहिजे.

पुण्यात कचरा नेणारे बरेच जण ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेचे सभासद आहेत. १९९३ साली उभ्या राहिलेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून ती निघाली. सुका कचरा विकून त्यांना चार पैसे मिळतात, पण दुधाची पिशवी आमटीत बुडलेली असेल तर तिला मोल नसतं. पिशव्या विसळून वाळवा. फुटलेली काच कागदात गुंडाळून वर ‘काच’ लिहा. कचरावेचक बायका कचरा हातानंच निवडतात.

पहिल्या बादलीतली देठं-सालं जागा असेल तर भोकं पाडलेल्या ड्रममध्ये जिरवा. एक भाग ओलं, दोन भाग वाळका पाला, दर तीन दिवसांनी वर-खाली. वास आला तर ओल जास्त आहे, पाला घाला. दीड-दोन महिन्यांत काळं, मोकळं, पावसाच्या पहिल्या सरीसारखा वास असलेलं खत होतं. तेलकट रस्सा आणि हाडं त्यात घालू नका.

मसाले, फरसाण, पापड करून विकत असाल तर एक जास्तीचं सांगते. उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, मोफत आहे, ती करून घ्या. तिच्यावर झेड (झीरो डिफेक्ट झीरो इफेक्ट, म्हणजे मालात खोट नको आणि पर्यावरणाला झळ नको) प्रमाणपत्राच्या योजनेत जाता येतं. २०२२ मध्ये योजना आली तेव्हा प्रमाणपत्राच्या खर्चात सूक्ष्म उद्योगांना ८० टक्के सवलत जाहीर झाली.

शेवटची पायरी: वही आणि वाटणी

वाचलेले पैसे सगळे मालकाच्या खिशात गेले तर चौथ्या महिन्यात सगळं पूर्ववत होतं. गॅसवर जे वाचतं त्यातला चौथा हिस्सा आम्ही महिनाअखेरीला आचारी, वाढपी आणि मावशी यांच्यात सारखा वाटतो. रक्कम मोठी नसते, पण त्या दिवसापासून रिकामा तवा कुणी जळत ठेवला नाही.

वही स्वयंपाकघरातच खिळ्याला टांगा, पेन्सिल सुतळीनं बांधा. चार रकाने पुरेत: ताटं, खरकटं, सिलिंडरची तारीख, शेरा. विजेचा मीटर सोमवारी सकाळी. पहिले तीन महिने काटा, वाटी आणि नळाची जाळी असल्या किरकोळ वस्तूंपलीकडे काही विकत घेऊ नका.

आमची वही आता मावशी लिहितात. आज रात्रीची नोंद अशी आहे: ताटं १५४, खरकटं ४ किलो २००, सिलिंडर परवा लावला, शेरा: ‘वांगी कडू निघाली, भाजीवाल्याला सांगणे.’